समुद्री बर्फाचं मॉडेल कंटेनरमध्ये: आइसपॅक बसवण्यापासून निकाल तपासण्यापर्यंत

ज्या संगणकावर मी पहिल्यांदा आइसपॅक हे समुद्री बर्फाचं मॉडेल बसवायला घेतलं, त्यावर फोरट्रानचे दोन कंपायलर होते आणि डेटा फाइली वाचणारी-लिहिणारी नेटसीडीएफ लायब्ररी तिसऱ्याच कंपायलरने बांधलेली होती. फोरट्रानच्या मॉड्यूल फाइली ज्या कंपायलरने बनवल्या त्याच्याशीच धड जुळतात. त्यामुळे दोन दिवस लिंकरच्या तक्रारी वाचण्यात गेले आणि मॉडेलचं एक पाऊलही पुढे पडलं नाही. नंतर तेच काम दुसऱ्या संगणकावर करायची वेळ आली, तेव्हा पहिल्या वेळी नक्की काय केलं होतं हे मलाच सांगता येईना. कंटेनरकडे, म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं एकत्र बांधून यजमान संगणकापासून वेगळं चालवण्याकडे, मी वळलो ते तेव्हा.

हा लेख ज्याला समुद्री बर्फाच्या मॉडेलवर काम सुरू करायचंय त्याच्यासाठी आहे. लिनक्सचं टर्मिनल वापरता येतं आणि डॉकर बसवलेलं आहे, एवढं मी गृहीत धरतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायची, फक्त ‘होम’ आणि ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’ ही व्हेरिएबल्स मोठ्या अक्षरांत.

उदाहरणासाठी आइसपॅक निवडलं याला कारण आहे. लॉस अलामोस प्रयोगशाळेत वाढलेलं आणि आता सीआइस कन्सॉर्शियम सांभाळत असलेलं सीआइस हे समुद्री बर्फाचं पूर्ण मॉडेल. बर्फ वाऱ्याने आणि प्रवाहाने कसा सरकतो, एकमेकांवर कसा चढतो, कुठून कुठे वाहतो, हे सगळं त्यात येतं. आइसपॅक म्हणजे त्यातला एका उभ्या स्तंभाचा भाग: गोठणं, वितळणं, खारटपणा, बर्फावरचा हिम, वितळलेल्या पाण्याची तळी, जाडीचे वर्ग (पातळ ते जाड अशी बर्फाची विभागणी). सीआइसच्या आत ते गिटचं सबमॉड्यूल म्हणून बसतं, पण स्वतःच्या छोट्या ड्रायव्हरसह, म्हणजे त्याला डेटा देऊन चालवणाऱ्या प्रोग्रामसह, एकटंही चालतं. ड्रायव्हरमध्ये फक्त चार पेट्या, म्हणजे जाळीतले चौकोन, असतात: एक सुरुवातीला बर्फ नसलेली, एक एकसंध लादीची, एक सगळ्या जाडीवर्गांची आणि एक जमिनीची. एवढ्या छोट्या मॉडेलमध्ये चूक सापडायला वेळ लागत नाही. कंटेनरचं तंत्र इथे हाताखालून गेलं की पूर्ण सीआइसला तेच वापरता येतं.

इमेजमध्ये काय, बाहेर काय

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. इमेज म्हणजे ज्या गोठवलेल्या साच्यातून कंटेनर सुरू होतो तो. तिच्यात जायला हवीत ती न बदलणारी साधनं: ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया, कंपायलर, लायब्ररी आणि मॉडेलचा एका निश्चित आवृत्तीचा कोड. बाहेर, म्हणजे तुमच्या डिस्कवर, राहायला हवेत हवामानाचे इनपुट डेटा, प्रत्येक प्रयोगाचा केस फोल्डर आणि सगळे निकाल.

ही विभागणी मी नुकसान सोसून शिकलो. एकदा अनेक केसेस एकामागून एक चालवल्या. कंटेनर सुरू करताना ‘--आरएम’ हा पर्याय दिला होता, पण बाहेरचा फोल्डर जोडायला विसरलो होतो. ‘--आरएम’ म्हणजे काम संपलं की कंटेनर पुसून टाक. शेवटची केस संपली, मी शेल बंद केलं आणि कंटेनरबरोबर सगळे निकालही गेले. ‘--आरएम’ मी आजही देतो, कारण जुन्या कंटेनरांचा ढीग साचू न देणं चांगलंच. फक्त आत असं काहीही ठेवत नाही जे गेलं तर हळहळ वाटेल.

डॉकरफाइल

पहिली ओळ पायाभूत इमेजची. मी कोंडा-फोर्जची मिनीफोर्ज इमेज घेतो, कारण आइसपॅकच्या कोडबरोबर कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकासाठी तयार पर्यावरणाची यादी येते. कंपायलर आणि नेटसीडीएफ एकाच ठिकाणाहून, एकमेकांशी जुळलेले मिळतात. सुरुवातीला सांगितलेलं माझं दुखणं इथेच संपतं. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ कधीही लिहू नका. आजचं ‘लेटेस्ट’ सहा महिन्यांनी दुसरंच असेल. ठरावीक टॅग द्या, आणि त्याहून पक्कं हवं असेल तर ‘शा२५६’ने सुरू होणारा डायजेस्ट द्या. टॅग उद्या दुसऱ्या इमेजवर हलवता येतो, डायजेस्ट नाही.

मग सिस्टिमची पॅकेजेस: गिट, मेक आणि टीसीशेल. तिसऱ्यावर बरेच जण अडखळतात. आइसपॅक आणि सीआइसच्या सेटअप स्क्रिप्टा सी-शेलमध्ये लिहिलेल्या आहेत आणि छोट्या लिनक्स इमेजमध्ये सी-शेल नसतं. मग स्क्रिप्ट चालवली की ‘फाइल सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. फाइल तर समोर दिसत असते. न सापडलेली फाइल म्हणजे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नाव असलेलं सी-शेल. टीसीशेल बसवलं की ही चूक जाते.

पुढची पायरी कोड आणण्याची. तो ‘/ऑप्ट’खाली ठेवा, होम फोल्डरमध्ये नको. कारण पुढे येतंच आहे. गिट क्लोन करून मुख्य शाखेवर थांबू नका. प्रसिद्ध झालेल्या एखाद्या आवृत्तीचा टॅग चेकआउट करा. तो टॅग डॉकरफाइलमध्ये ‘आर्ग’ या सूचनेने व्हेरिएबल म्हणून ठेवला, तर नवी आवृत्ती घेताना एकच शब्द बदलावा लागतो.

लगेच पुढच्या ओळीत गिटला सांगा की हा फोल्डर विश्वासू आहे: सिस्टिम पातळीवरच्या गिट कॉन्फिगमध्ये ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या नावाखाली त्याचा पत्ता द्या. २०२२ पासून गिट दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत काम करायला नकार देतं. इमेज बांधताना फोल्डरचा मालक रूट ठरतो, पण कंटेनर चालवणारे तुम्ही असता. मग कोडची आवृत्ती विचारणाऱ्या आज्ञा मूकपणे फसतात आणि लॉगमधून कमिटचा क्रमांक गायब होतो. मॉडेल चालतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्यांनी जेव्हा तो क्रमांक हवा असतो, तेव्हा कळतं.

आता कोंडाचं पर्यावरण. कोडमध्ये ‘कॉन्फिगरेशन/स्क्रिप्ट्स/मशीन्स’ या फोल्डरात ‘एन्व्हायर्नमेंट डॉट वायएमएल’ आहे. ‘कोंडा एन्व्ह क्रिएट’ला ‘-एफ’ने ती फाइल द्या, की ‘आइसपॅक’ नावाचं पर्यावरण तयार होतं. त्याच ‘रन’ सूचनेत ‘कोंडा क्लीन’ही चालवा. वेगळ्या सूचनेत चालवलं तर इमेजचा आकार कमी होत नाही, कारण आधीच्या थरात त्या फाइली राहिलेल्याच असतात. ‘कोंडा ॲक्टिव्हेट’ मात्र डॉकरफाइलमध्ये लिहून उपयोग नाही, प्रत्येक ‘रन’ नव्या शेलमध्ये चालतो. आइसपॅकची मशीन-फाइल, म्हणजे त्या-त्या संगणकावर मॉडेल कसं बांधायचं आणि चालवायचं ते सांगणारी फाइल, स्वतःच पर्यावरण सुरू करते. तिला फक्त ‘कोंडा’ ही आज्ञा पाथवर सापडायला हवी.

शेवटी ‘/काम’ नावाचा रिकामा फोल्डर बनवा, ‘वर्कडिर’ तोच द्या आणि फाइल बंद करा. मग ‘डॉकर बिल्ड’ला ‘-टी’ने नाव आणि आवृत्ती देऊन इमेज बांधा. कोंडाची पॅकेजेस उतरायला वेळ लागतो, पण डॉकर थर साठवून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्यांदा फक्त बदललेल्या ओळीपासून पुढचं काम होतं. म्हणून जे क्वचित बदलतं ते वर आणि जे वारंवार बदलतं ते खाली लिहायचं.

ॲपलच्या नव्या मॅकवर काम करणाऱ्यांनी एक पाहावं: तिथे इमेज आर्म प्रोसेसरसाठी बनते, तर बहुतेक क्लस्टर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचे संच) एक्स८६ प्रोसेसरचे असतात. ‘--प्लॅटफॉर्म’ देऊन एक्स८६ ची इमेज बनवता येते, पण ती मॅकवर अनुकरणाने (इम्युलेशनने) चालते आणि खूप रेंगाळते. शक्य असेल तर अंतिम इमेज लिनक्स संगणकावरच बांधा.

होम फोल्डरचा पेच

आइसपॅकची कोंडासाठीची मशीन-फाइल सगळं काही होम फोल्डरमधल्या ‘आइसपॅक-डिर्स’ या फोल्डराखाली शोधते. त्यात ‘रन्स’, ‘बेसलाइन’ आणि ‘इनपुट’ असे तीन उपफोल्डर लागतात. कंटेनरमध्ये होम कोणतं, हा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही.

काही न सांगता डॉकर चालवलं तर तुम्ही आत रूट असता आणि लिनक्सवर बाहेर जोडलेल्या फोल्डरात ज्या फाइली तयार होतात त्यांची मालकीही रूटकडे जाते. नंतर स्वतःचेच निकाल पुसता येत नाहीत. म्हणून ‘--यूजर’ पर्यायात तुमचा वापरकर्ता आणि गट यांचे क्रमांक द्यायचे. ते ‘आयडी -यू’ आणि ‘आयडी -जी’ या आज्ञा सांगतात. पण तो क्रमांक इमेजच्या वापरकर्ता-यादीत नसतो, त्यामुळे होम म्हणून थेट ‘/’ ठरतं. तिथे लिहायची परवानगी नसते आणि सेटअप पहिल्याच फोल्डरपाशी थांबतो.

माझा उपाय असा. बाहेर प्रयोगांसाठी एक फोल्डर करतो, ‘-व्ही’ पर्यायाने तो कंटेनरमधल्या ‘/काम’वर जोडतो आणि ‘-ई’ पर्यायाने होम या व्हेरिएबलची किंमतही ‘/काम’ देतो. आता मॉडेल ज्याला होम समजतं तो माझ्याच डिस्कवरचा फोल्डर असतो. मशीन-फाइलमध्ये एक अक्षर न बदलता सगळं जागच्या जागी पडतं. पूर्ण आज्ञा शब्दांत सांगायची तर: ‘डॉकर रन’, मग ‘--आरएम’, ‘-आयटी’, ‘--यूजर’ आणि दोन क्रमांक, ‘-व्ही’ आणि फोल्डरची जोडी, ‘-ई’ आणि होम, शेवटी इमेजचं नाव आणि ‘बॅश’. ही आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि ती स्क्रिप्टही प्रयोगाबरोबर गिटमध्ये ठेवा. एसईलिनक्स चालू असलेल्या फेडोरासारख्या प्रणालीवर फोल्डरच्या जोडीच्या शेवटी ‘:झेड’ (मोठ्या अक्षरातलं) लावावं लागतं, नाहीतर परवानगी नाकारली जाते.

डेटा आणि पहिलं रन

इनपुट डेटा कोडबरोबर येत नाही. कन्सॉर्शियमच्या विकीवर दिलेल्या दुव्यांवरून तो वेगळा उतरवायचा आणि ‘इनपुट’ फोल्डरात उलगडायचा. उतरवल्याबरोबर ‘शा२५६सम’ चालवून प्रत्येक फाइलची खूण एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. इमेज गोठवली आणि डेटा मोकळा सोडला तर प्रयोग अर्धाच गोठला.

आता कंटेनरच्या आत, ‘/ऑप्ट’खालच्या आइसपॅकच्या फोल्डरात जा आणि ‘आइसपॅक डॉट सेटअप’ चालवा. ‘--केस’ला ‘/काम’खालचा पत्ता द्या, मशीनच्या पर्यायाला (‘--’ आणि मशीन शब्दाची पहिली चार अक्षरं) ‘कोंडा’ आणि ‘--एन्व्ह’ला ‘लिनक्स’. केस फोल्डर तयार होतो. त्यात जाऊन ‘आइसपॅक डॉट बिल्ड’ आणि मग ‘आइसपॅक डॉट सबमिट’ चालवा. क्लस्टरवर शेवटची आज्ञा काम रांगेत लावते, इथे ती थेट चालवते. बांधणीच्या ऑब्जेक्ट फाइली केसच्या रन फोल्डरात जातात, ‘/ऑप्ट’ला हात लागत नाही. इमेज फक्त वाचनापुरती उघडी असली तरी चालतं, हे क्लस्टरवर उपयोगी पडणार आहे.

सेटअप झाल्यावर आणि बांधणीआधी ‘आइसपॅक_इन’ ही नेमलिस्ट, म्हणजे मॉडेलच्या पर्यायांची फाइल, एकदा उघडून शांतपणे वाचा. काळाचं पाऊल ३६०० सेकंदांचं आणि पावलं ८७६०, म्हणजे बरोबर ३६५ दिवस. सुरुवातीचं साल २०१५. ‘केथर्म’ची किंमत २ असेल तर मशी-लेयर ऊष्मागतिकी चालते, म्हणजे बर्फ हा गोड्या बर्फाचा आणि खाऱ्या द्रवाचा मिश्र थर मानून त्याचा खारटपणाही काळानुसार बदलतो. किंमत १ असेल तर बिट्झ आणि लिप्सकॉम्ब यांची १९९९ ची पद्धत, जिच्यात खारटपणाची उभी रचना ठरलेली असते. पहिल्या प्रयोगासाठी ही तुलना फार बोलकी आहे: दोन केस करा, एकीत १, दुसरीत २. मात्र ‘केथर्म’ बदलताना गोठणबिंदू ठरवणारा ‘टीएफआरझेड_ऑप्शन’ही त्याच्याशी सुसंगत ठेवा. १ बरोबर ‘लीनियर_सॉल्ट’, २ बरोबर ‘मशी’. एक बदलून दुसरं विसरलं तर पाणी आणि बर्फ वेगवेगळ्या नियमांनी गोठतात.

वर्षभराचं रन साध्या लॅपटॉपवरही चटकन संपतं. ‘आइसपॅक डॉट रनलॉग’ने सुरू होणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘कम्प्लिटेड सक्सेसफुली’ दिसलं की तांत्रिक बाजू पार पडली.

आकडे वाचा

पण ‘यशस्वी’ हा शब्द फक्त प्रोग्राम कोसळला नाही एवढंच सांगतो. निकाल ‘आइस_डायग’ने सुरू होणाऱ्या फाइलींत असतात, प्रत्येक पेटीची एक. सगळ्या जाडीवर्गांच्या पेटीची फाइल उघडली की तारखेखाली हवा, बर्फ आणि समुद्र असे तीन गट दिसतात: हवेचं तापमान, लघुतरंग आणि दीर्घतरंग किरणोत्सर्ग, मग बर्फाने व्यापलेला भाग, सरासरी जाडी, हिमाची खोली, सरासरी खारटपणा, मग समुद्राचं तापमान, क्षारता आणि गोठणबिंदू. क्षारता ३४ च्या आसपास असताना गोठणबिंदू उणे १.८ अंशांजवळ दिसायला हवा. पहिली नजर मी तिथेच टाकतो. तो आकडा बिघडला असेल तर पुढचं काही वाचण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी कागदावरची. जोसेफ स्टेफान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलेलं सूत्र सांगतं की बर्फाच्या जाडीचा वर्ग हा उष्णतावाहकता, वरच्या-खालच्या तापमानातला फरक आणि काळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीला घनता आणि सुप्त उष्णतेच्या गुणाकाराने भागल्यावर मिळतो. समजा बर्फाचा पृष्ठभाग उणे २० अंशांवर टिकून आहे आणि तळ उणे १.८ वर. फरक १८.२ अंश. वाहकता २ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, काळ ३० दिवस म्हणजे २५,९२,००० सेकंद, घनता ९१७, सुप्त उष्णता ३,३४,००० जूल प्रति किलो. वरचा गुणाकार १८.८७ कोटी, खालचा ३०.६३ कोटी, भागाकार ०.६१६, वर्गमूळ ०.७८. उघड्या पाण्यापासून महिन्याभरात सुमारे ७८ सेंटिमीटर बर्फ. चौपट काळाला जाडी दुप्पटच होते, १२० दिवसांत साधारण १.५७ मीटर, कारण वाढणारा बर्फ स्वतःच खालच्या पाण्यावर पांघरूण घालत जातो.

हे सूत्र हिम धरत नाही आणि समुद्राकडून येणारी उष्णताही धरत नाही. हिमाची वाहकता बर्फाच्या सुमारे एक-सप्तमांश असते, म्हणजे थोडा हिम पडला तरी वाढ बरीच मंदावते. म्हणून मॉडेलचा आकडा सूत्राशी तंतोतंत जुळावा अशी अपेक्षा नाही. पण सुरुवातीला बर्फ नसलेल्या पेटीत हिवाळ्यातली वाढ आधी वेगाने आणि मग मंद होत जाताना दिसली पाहिजे आणि आकडा याच पट्ट्यात हवा. महिन्यात पाच मीटर बर्फ दिसला तर चूक एककांत किंवा डेटा वाचण्यात आहे. बायनरी डेटाच्या बाबतीत बाइटचा क्रम हे त्याचं ठरलेलं कारण. जुनी फोर्सिंग फाइल (मॉडेलला दिलेल्या हवामानाच्या डेटाची) बिग-एंडियन असते, नेहमीचे प्रोसेसर लिटल-एंडियन, म्हणजे उलट्या क्रमाचे. जीफोरट्रानला त्यासाठी ‘-एफकन्व्हर्ट’ हा पर्याय द्यावा लागतो. कन्सॉर्शियमच्या मॅक्रो फाइलींत (कंपायलरचे पर्याय असलेल्या) तो आहे, पण स्वतःची मशीन-फाइल लिहिताना नेमका तोच गळतो.

यानंतर चाचण्यांचा संच चालवा. ‘आइसपॅक डॉट सेटअप’ला ‘--सुइट’मध्ये ‘बेस_सुइट’ आणि ‘--टेस्टआयडी’मध्ये एखादं नाव दिलं की अनेक छोट्या केसेस बांधून चालवल्या जातात आणि ‘रिझल्ट्स डॉट सीएसएच’ शेवटी कोणत्या पास, कोणत्या नापास ते दाखवतं. त्यातली रीस्टार्ट चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. ती मॉडेल सलग चालवते, मग मधल्या साठवलेल्या अवस्थेपासून पुन्हा चालवते आणि दोन्ही उत्तरं शेवटच्या बिटपर्यंत ताडून पाहते. नवी इमेज बांधली की हा संच चालवल्याशिवाय मी ती कुणाला देत नाही.

तीच इमेज, तरी वेगळा आकडा

इमेज तीच असेल तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच येईल, असं मीही धरून चाललो होतो. मग एकदा दोन संगणकांवरचे निकाल शेजारी ठेवले आणि दूरच्या दशांशस्थळी फरक निघाला. कंटेनर फाइली गोठवतो. प्रोसेसर आणि कर्नल यजमान संगणकाचेच असतात. ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीतली घातांक किंवा साइन काढणारी फलनं चालू होताना प्रोसेसर कोणता आहे ते पाहतात आणि गुणाकार-बेरीज एका फटक्यात करणारी सूचना उपलब्ध असेल तर तिचा वापर करणारी आवृत्ती निवडतात. तिथे गोलाई एकदाच होते, जुन्या प्रोसेसरवर दोनदा. फरक शेवटच्या बिटचा, पण तो पुढच्या पावलांत उतरतो. कंपाइल करताना ‘-मार्च=नेटिव्ह’ दिलं असेल तर प्रकरण आणखी वाढतं: नव्या प्रोसेसरवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर ‘बेकायदा सूचना’ म्हणत बंद पडतो. इमेजसाठी बांधताना तो पर्याय नकोच.

मग असा फरक चालेल की नाही, हे कसं ठरवायचं? सीआइस कन्सॉर्शियमने त्यासाठी गुणवत्ता-चाचणी ठेवली आहे. पाच वर्षांची दोन रन घेऊन बर्फाच्या जाडीतला फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण आहे का, हे ती टी-चाचणीने पाहते. नजरेने आलेख जुळवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भरवशाचा आहे.

क्लस्टरवर नेताना

सामायिक क्लस्टरवर डॉकर सहसा मिळत नाही, कारण त्याची सेवा रूटच्या अधिकाराने चालते. तिथे ॲपटेनर हे कंटेनर चालवणारं दुसरं साधन असतं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याला हे नाव मिळालं. त्यात तुम्ही बाहेर जे असता तेच आतही असता, त्यामुळे मालकीचा प्रश्न मुळातच उरत नाही. इमेज ‘.एसआयएफ’ या एकाच फाइलमध्ये मावते आणि ती फक्त वाचता येते.

‘डॉकर सेव्ह’ने इमेज टार फाइलमध्ये उतरवा, क्लस्टरवर न्या आणि ‘ॲपटेनर बिल्ड’ला ‘डॉकर-अर्काइव्ह:’ लावून ती द्या. कोड ‘/ऑप्ट’खाली ठेवण्याचा आग्रह आता कळेल: ॲपटेनर आपणहून तुमचं खरं होम आत जोडतं आणि इमेजमधल्या त्याच जागेवर जे असेल ते झाकलं जातं. तिथे होमचं व्हेरिएबल साध्या पर्यायाने बदलूही देत नाही. ‘--होम’ पर्यायात बाहेरचा फोल्डर आणि ‘/काम’ अशी जोडी द्यायची, की डॉकरसारखीच मांडणी मिळते.

आणखी एक. ॲपटेनर बाहेरची व्हेरिएबल्स आत येऊ देतं. क्लस्टरवर लोड केलेल्या मॉड्यूलचा लायब्ररी-पाथ आत शिरला तर मॉडेल इमेजमधलं नेटसीडीएफ सोडून दुसरंच उचलायला जातं. ‘--क्लीनएन्व्ह’ दिलं की हे थांबतं.

पूर्ण सीआइस

सीआइस क्लोन करताना ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ विसरलात तर आइसपॅकचा फोल्डर रिकामा राहतो आणि बांधणी फसते. बाकी पायऱ्या त्याच, नावात आइसपॅकऐवजी सीआइस, आणि होमखालचा फोल्डर ‘सीआइस-डिर्स’. सुरुवात जीएक्स३ या जाळीने करा, १०० गुणिले ११६ पेट्यांची ती लॅपटॉपला झेपते. जीएक्स१ मध्ये त्या ३२० गुणिले ३८४ होतात.

नवी गोष्ट एमपीआयची, म्हणजे एकच काम अनेक प्रक्रियांत वाटून चालवण्याच्या पद्धतीची. ओपनएमपीआय रूट म्हणून चालायला नकार देतं, हे ‘--यूजर’ वापरण्याचं आणखी एक कारण. डॉकर कंटेनरला सामायिक स्मृती मुळात ६४ मेगाबाइटच देतं. प्रक्रिया वाढल्या की ‘बस एरर’ येते, तेव्हा ‘--एसएचएम-साइझ’ने ती वाढवा. प्रोग्राम १३९ या क्रमांकाने संपला तर मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लागलेला असतो. फोरट्रानमध्ये त्यामागे बरेचदा अपुरा स्टॅक असतो, म्हणून आधी ‘यूलिमिट -एस’ आणि ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’ वाढवून पाहा. १३७ आलं तर प्रक्रिया बाहेरून मारली गेली आहे, बहुतेक वेळा रॅम संपल्यामुळे. मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉपची स्मृतिमर्यादा तपासा.

क्लस्टरवर अनेक नोड (त्यातले वेगवेगळे संगणक) वापरायचे असतील तर बाहेरचं एमपीआय प्रत्येक प्रक्रियेसाठी कंटेनर सुरू करतं, आणि आतलं एमपीआय बाहेरच्याशी सुसंगत असावं लागतं. प्रक्रियांना आपला क्रमांक व्हेरिएबल्समधून कळत असल्याने इथे ‘--क्लीनएन्व्ह’ सरसकट लावू नका. प्रत्येक प्रक्रिया स्वतःला एकटीच समजून पूर्ण मॉडेल चालवू लागली, तर जुळणी चुकली आहे हे ओळखा. एका नोडवर मावणारं काम असेल तर एमपीआय आतलंच वापरावं, हे माझं मत.

प्रयोग जपताना

निकाल हाती आले की मी त्याच दिवशी एक फोल्डर बांधतो. त्यात इमेजचा डायजेस्ट, आइसपॅकचा कमिट क्रमांक, नेमलिस्ट, डेटाच्या खुणांची फाइल, कंटेनर सुरू करणारी स्क्रिप्ट आणि प्रोसेसरचं नाव. शिवाय ‘कोंडा लिस्ट --एक्सप्लिसिट’चं उत्तर, ज्यात प्रत्येक पॅकेजचा पूर्ण पत्ता येतो. डॉकरफाइल आहे म्हणून इमेज पुन्हा हवी तेव्हा बांधता येईल, यावर विसंबू नका. वर्षाने तीच डॉकरफाइल नवी पॅकेजेस उचलेल. म्हणून इमेजची टार फाइलही ठेवायची. शोधनिबंधाबरोबर द्यायची असेल तर सर्न चालवत असलेल्या झेनोडोवर ती ठेवली की डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो.

फोल्डर बंद करण्याआधी एकदा दुसऱ्या संगणकावर फक्त त्यातल्याच वस्तूंच्या आधारे केस चालवून पाहा. माझ्या पहिल्या खेपेला डेटाच्या खुणा होत्या, इमेज होती, नेमलिस्ट होती, आणि कंटेनर सुरू करणारी स्क्रिप्ट मात्र जुन्या संगणकाच्या होममध्येच राहिली होती.